कीटकनाशके तोडणारी जिवाणूंची विकरे : सोलापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब, द्राक्ष व ऊस उत्पादक, कृषी सेवा केंद्रांचे चालक आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, म्हणून प्रश्नांत तोच शब्द आहे. एखाद्या उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जमिनीतले जिवाणू औषध खातात असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे, मात्र सगळेच जिवाणू खात नाहीत आणि सगळीच औषधे खाल्ली जात नाहीत. कीटकनाशकाच्या रेणूत कार्बन असतो, पुष्कळदा नत्र किंवा स्फुरदही असते. ज्या जिवाणूकडे तो रेणू तोडण्याचे साधन असते, त्याच्या दृष्टीने ते अन्नच असते. मॅलॅथिऑन किंवा पॅराथिऑन यांसारख्या औषधांवर काही जिवाणू खरोखर वाढतात आणि त्यांची संख्याही वाढते. दुसरा प्रकार असा, की जिवाणू पोसला जातो साखरेवर किंवा कुजणाऱ्या पाचटावर, आणि त्याच्याजवळचे एखादे विकर जाता जाता औषधाचाही रेणू तोडते. त्यातून जिवाणूला काहीच मिळत नाही. या दुसऱ्या प्रकाराला सहचयापचय म्हणतात. प्रत्यक्ष शेतात त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण जमिनीत औषधाचे प्रमाण सहसा इतके थोडे असते की केवळ त्यावर जिवाणूंचा निर्वाह होणे कठीण असते.

२. विकर म्हणजे काय, आणि जिवाणू व विकर यांत फरक कोणता?

विकर, म्हणजेच एन्झाइम, हे एक प्रथिन आहे. ते रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते आणि स्वतः खर्च होत नाही. जिवाणू सजीव आहे. त्याला ओल, अन्न आणि सोसवेल इतके तापमान लागते. विकराला अन्न लागत नाही, पण ते स्वतःची संख्या वाढवू शकत नाही आणि काही काळाने निकामी होते.

सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण फॉस्फोट्रायएस्टरेज या विकराचे आहे. त्याच्या क्रियास्थळी जस्ताचे दोन अणू शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि त्या दोघांच्या मध्ये पाण्यापासून तयार झालेला हायड्रॉक्साइड गट धरलेला असतो. पॅराऑक्सॉनचा (पॅराथिऑनपासून बनणाऱ्या विषारी रूपाचा) रेणू तेथे आला की हा गट त्यातील फॉस्फरसवर एका बाजूने चाल करतो, समोरच्या बाजूचा बंध तुटतो आणि पॅरानायट्रोफिनॉल बाहेर पडते. विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दोन हजार वेळा हे काम करतो. हा वेग इतका मोठा आहे की औषधाचा रेणू पाण्यातून विकरापर्यंत किती लवकर पोहोचतो, यावरच मुख्यतः सगळे अवलंबून राहते. पॅरानायट्रोफिनॉल अल्कधर्मी द्रावणात पिवळेजर्द दिसते. म्हणून परीक्षानळीतील स्वच्छ द्रावण डोळ्यांदेखत पिवळे होऊ लागले की विकर काम करत आहे हे उपकरणाशिवायही कळते.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती लागणार आहे. विकर सहसा एका विशिष्ट रासायनिक बंधावर काम करते. त्याला औषधाचे नाव कळत नाही, पीकही कळत नाही.

३. असा जिवाणू पहिल्यांदा कुठे सापडला?

‘पहिला’ कोणता हे ठरवण्यापेक्षा महत्त्वाचा कोणता ते सांगणे योग्य होईल. १९७३ साली सेतुनाथन आणि योशिदा या शास्त्रज्ञांनी फिलिपिन्समधील भातखाचराच्या मातीतून एक फ्लॅव्होबॅक्टेरियम वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. तो डायझिनॉन आणि पॅराथिऑन या दोन्ही औषधांचे विघटन करत होता. पुढे अमेरिकेत स्यूडोमोनास डिमिन्युटा या वेगळ्याच जिवाणूत तेच काम करणारे विकर सापडले; या जिवाणूचे आजचे नाव ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा आहे. दोन्ही जिवाणूंतील जनुकांची तुलना केली, तेव्हा ती तंतोतंत सारखी निघाली. हे जनुक, ज्याला ‘ओपीडी’ म्हणतात, दोन्हीकडे प्लाझ्मिडवर आहे, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या गोलाकार डीएनएवर. प्लाझ्मिडे मात्र एकमेकांपासून पुष्कळ वेगळी आहेत. जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर गेले असावे, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

४. ही औषधे तर कारखान्यात तयार झाली. मग ती तोडणारी विकरे निसर्गात आधीपासून कशी होती?

बहुतेक वेळा ती तशीच्या तशी नव्हती. दुसरे काहीतरी काम करणाऱ्या विकरात थोडा बदल झाला आणि नव्या रेणूवर ते चालू लागले. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अ‍ॅट्राझीनचे आहे. आपल्याकडे मका आणि उसात वापरले जाणारे हे तणनाशक १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. १९९० च्या दशकात स्यूडोमोनासच्या ‘एडीपी’ या वाणात ‘एटीझेडए’ नावाचे विकर सापडले. ते अ‍ॅट्राझीनमधील क्लोरीन काढून त्या जागी हायड्रॉक्सिल गट बसवते आणि एवढ्यानेच तणनाशकाची ताकद जाते. मेलामाइनवर काम करणारे एक विकर याच्याशी जुळवून पाहिले, तेव्हा ४७५ अमिनो आम्लांपैकी केवळ ९ ठिकाणी फरक आढळला. तरीही मेलामाइनचे विकर अ‍ॅट्राझीनमधील क्लोरीन काढत नाही आणि अ‍ॅट्राझीनचे विकर मेलामाइनला हात लावत नाही. नऊ बदलांनी विकराचे सगळे कामच बदलले. शेतात एखादे रसायन अनेक वर्षे पडत राहिले, तर जिवाणूंना असे बदल निवडून टिकवण्याची संधी मिळते. प्रश्न ८ मध्ये सांगितलेली अडचणही यातूनच उद्भवते.

५. कोणते विकर कोणत्या औषधावर चालते?

ऑरगॅनोफॉस्फरस गटावर, म्हणजे क्लोरपायरिफॉस, मिथाइल पॅराथिऑन, डायझिनॉन अशा औषधांवर, फॉस्फरसचा बंध पाण्याच्या साहाय्याने तोडणारी विकरे चालतात. प्रश्न २ मधील फॉस्फोट्रायएस्टरेज त्यांपैकीच एक. मिथाइल पॅराथिऑन हायड्रोलेज हे दुसरे. त्याची रचना पहिल्यापेक्षा पूर्ण वेगळी आहे, काम मात्र तेच. गट एक असला तरी वेग एक नसतो. फॉस्फोट्रायएस्टरेज पॅराऑक्सॉन झपाट्याने तोडते, पण क्लोरपायरिफॉसवर कित्येक पटींनी मंद पडते. त्यामुळे क्लोरपायरिफॉससाठी प्रयोगशाळेत विकरात मुद्दाम बदल घडवून, निवडक वाण तयार करावे लागले.

कार्बोफ्युरानसारख्या कार्बामेट औषधांवर कार्बामेट बंध तोडणारी हायड्रोलेजे चालतात. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन अशा पायरेथ्रॉइडांमध्ये एस्टर बंध असतो आणि तो कार्बोक्सिलएस्टरेजे तोडतात. उसात वापरल्या जाणाऱ्या २,४-डी या तणनाशकावर ‘टीएफडीए’ हे विकर काम करते. त्याला लोह आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून पाणी साचून हवा कोंडलेल्या जमिनीत ते चालत नाही. लिंडेनवर स्फिंगोबियम वंशातील जिवाणूंची ‘लिन’ विकरे एकामागून एक काम करतात. स्टॉकहोम करारात २००९ साली समाविष्ट झालेले लिंडेन आपल्याकडे आता बंद आहे. तथापि त्याच्या निर्मितीत उरलेल्या समघटकांपैकी (तेच अणू, पण मांडणी वेगळी असलेल्या रेणूंपैकी) बीटा समघटक जमिनीत दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे या विकरांवरील संशोधन अजून थांबलेले नाही.

६. औषध तुटले म्हणजे विष संपले, असे धरून चालावे का?

चालू नये. बहुतेक गैरसमज येथेच होतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

विकर रेणूचे दोन तुकडे करते. ऑरगॅनोफॉस्फरस औषधांच्या बाबतीत या पहिल्या घावानेच मज्जासंस्थेवरील विषारीपणा पुष्कळ उतरतो, हे खरे. पण तुकडे मागे उरतात. क्लोरपायरिफॉस तुटल्यावर ट्रायक्लोरोपिरिडिनॉल तयार होते. ते मूळ औषधापेक्षा पाण्यात अधिक विरघळते, म्हणून जमिनीतून खाली सरकू शकते. शिवाय ते जिवाणूंच्या वाढीला मारक असल्यामुळे त्याचा साठा झाला की विघटन करणारे जिवाणूच मंदावतात. मिथाइल पॅराथिऑनपासून निघणारे पॅरानायट्रोफिनॉल स्वतः विषारी आहे. ते पुढे तोडण्यासाठी विकरांची दुसरी साखळी लागते.

काही वेळा जिवाणूंची क्रिया उलट दिशेने नुकसान करते. एंडोसल्फानचे दोन मार्गांनी रूपांतर होते. पाण्याच्या साहाय्याने तुटले तर एंडोसल्फान डायोल बनते आणि ते बरेच कमी विषारी असते. ऑक्सिडीकरण झाले तर एंडोसल्फान सल्फेट बनते. ते मूळ औषधाइतकेच विषारी आणि अधिक टिकाऊ असते. इमिडाक्लोप्रिडवर काही जिवाणू हायड्रॉक्सिल गट चढवतात आणि त्यातून पुढे ओलेफिन रूप तयार होते, जे किडींना मूळ औषधापेक्षा अधिक घातक ठरते. म्हणून ‘अमुक जिवाणूने ९० टक्के औषध नाहीसे केले’ असे कोणी सांगितले, तर त्या जागी काय आले हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पूर्ण विघटन म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांपर्यंत पोहोचणे. त्यासाठी सहसा एकापेक्षा अधिक जिवाणू आणि अनेक विकरे लागतात.

७. आमच्या सोलापूरच्या जमिनीत हे जिवाणू आहेत का? बाहेरून आणून टाकावे लागतील का?

अनेक वर्षे फवारणी झालेल्या जवळजवळ कोणत्याही जमिनीत असे काही ना काही जिवाणू असतात. ते काम किती करतात, हे परिस्थितीवर ठरते.

आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि चुनखडीचे प्रमाणही असते. ऑरगॅनोफॉस्फरस औषधांच्या विघटनाला हा अल्कधर्मी सामू अनुकूल आहे. तेथे काही प्रमाणात रसायनशास्त्रच काम करते आणि वर जिवाणू हातभार लावतात. प्रतिकूल बाबी दोन. पहिली कोरडेपणा. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते, ताण दिलेल्या डाळिंबाच्या बागेत वरचा थर भुगा होऊन जातो आणि पाण्याचा पातळ थरच नसेल तर जिवाणू औषधापर्यंत पोहोचू शकत नाही. ठिबकच्या नळीखालचा ओला पट्टा आणि दोन ओळींमधील कोरडी जागा यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. दुसरी बाब सेंद्रिय कर्बाची. माती परीक्षण अहवालात तो ०.५ टक्क्यांपेक्षा कमी दिसला, तर जिवाणूंच्या एकूण वस्तीलाच अन्न अपुरे पडते आणि प्रश्न १ मधील सहचयापचय थंडावतो.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण औषधाचे रेणू घट्ट धरून ठेवतात, हाही एक पदर आहे. धरलेले औषध पाण्यात कमी जाते, ही चांगली बाजू. पण ते जिवाणूंच्याही हाती लागत नाही आणि दीर्घकाळ तसेच राहते. एकूण विचार करता, माझ्या मते बाहेरून जिवाणू आणून टाकण्याआधी कुजलेले शेणखत, हिरवळीचे खत आणि पाचट न जाळता त्याचे आच्छादन, यांवर खर्च करणे शहाणपणाचे आहे. नव्याने टाकलेले जिवाणू उपाशी आणि तापलेल्या मातीत फार दिवस टिकत नाहीत.

८. थिमेट आणि फ्युराडान पूर्वी चांगले लागू पडायचे, नंतर परिणाम कमी होत गेला. जिवाणूंनी खाल्ले का?

ते कारण असू शकते. एकच दाणेदार औषध त्याच जमिनीत वर्षानुवर्षे दिले की ते तोडणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढत जाते आणि पुढच्या वेळी औषध किडीपर्यंत पुरेसे पोहोचण्याआधीच तुटते. कार्बोफ्युरानच्या, म्हणजे फ्युराडानच्या, बाबतीत ही गोष्ट अनेक देशांतील जमिनींत नोंदली गेली आहे. पण किडीत प्रतिकारशक्ती येणे हे दुसरे आणि अधिक परिचित कारण आहे. दोन्हींची गल्लत करू नये. फरक ओळखण्याचा एक मार्ग असा, की तेच औषध जुन्या वापराच्या आणि कधीही न वापरलेल्या अशा दोन मातींत मिसळून, ठरावीक दिवसांनी ते किती उरले हे प्रयोगशाळेतून मोजून घ्यावे. जुन्या मातीत ते झपाट्याने घटले, तर दोष मातीतील जिवाणूंचा. दोन्हींत सारखेच उरले आणि तरी कीड मरत नसेल, तर दोष किडीच्या बाजूचा.

थिमेट, म्हणजे फोरेट, आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोठे शिल्लक असल्यास ते वापरू नये.

९. किडीच्या पोटातही असे जिवाणू असतात का?

असतात. २०१२ साली जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले, की सोयाबीनवरील एका ढेकण्याच्या आतड्यात मातीतून गेलेला बर्कहोल्डेरिया जिवाणू वस्ती करतो, फेनिट्रोथिऑन तोडतो आणि त्या किडीला औषधापासून वाचवतो. प्रश्न ८ मधील दोन कारणांची सरमिसळ होते, ती अशा ठिकाणी.

१०. जीवामृत किंवा वेस्ट डिकंपोजर सोडले तर जमिनीतले औषध निघून जाते का?

थेट निघून जाते असे म्हणता येणार नाही. अशा द्रावणांत कोणते जिवाणू किती आहेत हे प्रत्येक ड्रमगणिक बदलते आणि त्यात विशिष्ट औषधावर चालणारे विकर असेलच याची खात्री नसते. गूळ, शेण आणि बेसन यांमुळे मातीतील मूळच्या जिवाणूंना अन्न मिळते आणि त्यांची एकूण हालचाल वाढते. सहचयापचयाला त्याचा उपयोग होऊ शकतो. तेवढ्याच अपेक्षेने ती वापरावीत.

११. डाळिंबावरचा रेसिड्यू काढून टाकणारे एन्झाइम बाटलीत मिळते. काढणीच्या चार दिवस आधी फवारले तर नमुना पास होईल का?

हा प्रश्न सांगोला, पंढरपूर आणि मंगळवेढा भागातून सर्वाधिक येतो. त्यामागे वर्षभराच्या बागेचा खर्च आणि निर्यातीची आशा असते, म्हणून स्पष्ट उत्तर देणे आवश्यक आहे : केवळ बाटलीच्या भरवशावर राहू नये.

कारणे अशी. पहिले, विकर एका बंधापुरते असते. डाळिंबाच्या एका बहारात ऑरगॅनोफॉस्फरस, पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड आणि तीन-चार प्रकारची बुरशीनाशके फवारली गेलेली असतात. एवढ्या सगळ्यांवर चालेल असे एकच विकर अस्तित्वात नाही. दुसरे, विकराला पाणी लागते. फवाऱ्याचा थेंब ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाच्या सालीवर उन्हात काही मिनिटांत सुकतो आणि त्याबरोबर क्रियाही थांबते. तिसरे, आंतरप्रवाही औषध सालीच्या आत आणि पेशींत गेलेले असते, तर विकर हे मोठे प्रथिन असल्यामुळे ते बाहेरच राहते. चौथे, प्रयोगशाळेत पुष्कळदा मूळ औषधाबरोबर त्याचे तुकडेही मोजले जातात. कित्येक औषधांची अवशेष मर्यादा ही मूळ रेणू आणि त्याची रूपांतरे यांची बेरीज धरून ठरवलेली असते. तेव्हा औषध तुटूनही नमुना नापास होऊ शकतो.

युरोपीय संघाने क्लोरपायरिफॉसची मान्यता २०२० साली संपवली. त्यानंतर त्याच्यासाठी किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वांत कडक मर्यादा लागू झाली. खोडकिड्यासाठी गेरूबरोबर खोडाला क्लोरपायरिफॉस लावणाऱ्या बागायतदारांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण लेप लावताना फळांवर उडालेले थेंबही इतक्या बारीक मोजणीत सापडतात.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : हे विकर कोणत्या औषधाचा कोणता बंध तोडते, त्यातून काय तयार होते, आणि डाळिंबाच्या फळावर (परीक्षानळीत नव्हे) घेतलेल्या चाचणीचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आहे का. उत्तर ‘सगळ्यांवर चालते’ असे आले, तर बाटली परत ठेवावी. लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी पाळणे आणि काढणीआधी नमुना तपासून घेणे, हाच आज खात्रीचा मार्ग आहे. शंका असल्यास केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या फवारणी वेळापत्रकाशी आपल्या नोंदी ताडून पाहाव्यात.

१२. द्राक्षातल्या वाढनियंत्रकांवरही विकर चालते का?

कीटकनाशकासाठी असलेले विकर त्यावर चालत नाही. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, ज्याला बागायतदार ‘सीसीसी’ म्हणतात. ते वाढनियंत्रक आहे, त्यात फॉस्फरसचा बंध नाही. ते वेलीच्या आत जाते आणि फळाच्या पृष्ठभागावर काहीही फवारले तरी हाती लागत नाही.

१३. बोर्डो मिश्रणातले तांबे जिवाणू तोडू शकतात का?

नाही. तांबे हे मूलद्रव्य आहे. तोडण्यासारखा बंधच त्यात नाही, म्हणून कोणतेही विकर त्याला नाहीसे करू शकत नाही. जिवाणू त्याला बांधून ठेवू शकतात किंवा त्याचे रूप बदलू शकतात, इतकेच. तेल्या रोगासाठी दर बहारात बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड देणाऱ्या बागांत तांबे वरच्या थरात साठत जाते आणि पुढे तेच मातीतील उपयुक्त जिवाणूंना जाचक होते. गंधकाची गोष्ट वेगळी आहे : तेही मूलद्रव्यच, पण थायोबॅसिलस गटातील जिवाणू त्याचे सल्फेट करतात आणि ते पिकाच्या उपयोगी पडते.

१४. पंप आणि ब्लोअर धुतलेले पाणी शेततळ्याशेजारी ओततो. त्यावर या जिवाणूंचा काही उपयोग आहे का?

खरा उपयोग येथेच आहे, आणि दुर्दैवाने याबद्दल विचारणारे थोडे आहेत. फवारणीनंतर शेतावरचे औषध मोठ्या क्षेत्रावर विरळ पसरलेले असते. टाकी भरण्याच्या आणि धुण्याच्या जागी मात्र तेच औषध वर्षानुवर्षे दोन-चार चौरस मीटर मातीत मुरत राहते. ती जागा बहुधा विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या कडेलाच असते, कारण पाणी तेथेच असते.

स्वीडनमध्ये १९९३ साली यावर एक साधी रचना पुढे आली. खड्ड्यात काड, पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि माती यांचे मिश्रण भरतात. त्यात आकारमानाने निम्मे काड आणि बाकीचे दोन्ही पाव-पाव असते. वर गवत वाढवतात आणि पंप त्यावर धुतात. काडातील लिग्निन कुजवणाऱ्या बुरशींची पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही विकरे फार चोखंदळ नसतात. लिग्निनसारखा वेडावाकडा रेणू तोडण्यासाठी ती घडलेली असल्यामुळे अनेक प्रकारच्या औषधांवर ती हात चालवतात. प्रश्न ११ मधील बाटलीला जे साधत नाही ते येथे साधते, कारण येथे ओल आहे, अन्न आहे, वेळ आहे आणि एकट्या विकराऐवजी बुरशी व जिवाणूंची अख्खी वस्ती आहे.

आपल्याकडे पीट सहज मिळत नाही. त्याऐवजी चांगले कुजलेले कंपोस्ट, आणि काडाच्या जागी ज्वारीचा सरमड किंवा उसाचे पाचट वापरून पाहण्यासारखे आहे. खड्ड्याला तळाशी जाड प्लॅस्टिक घालावे, पावसाचे पाणी त्यात शिरू देऊ नये, आणि तो विहीर, बोअर व गोठा यांपासून दूर असावा. मिश्रण कोरडे पडू देऊ नये आणि चिखलही होऊ देऊ नये. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओल पुरेशी आहे. मिश्रण बसत जाते, तशी वरून भर घालावी. त्यातील माल भाजीपाल्याच्या वाफ्यात टाकू नये.

ऑस्ट्रेलियात याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. तेथील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रेडिओबॅक्टरमधील ‘ओपीडीए’ हे विकर विकसित केले आणि मेंढ्यांना गोचीड-उवांसाठी बुडवण्याच्या हौदातील वापरलेल्या पाण्यावर ते पूड स्वरूपात वापरले गेले. हौदात औषध कोणते हे माहीत असते, पाणी भरपूर असते आणि मोजमापही करता येते. विकराला यश मिळते ते अशा ठिकाणी.

१५. विषबाधा झालेल्या माणसाला हे विकर देता येते का?

आज दवाखान्यात असा उपचार उपलब्ध नाही. ऑरगॅनोफॉस्फरस औषध शरीरातील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडते. त्यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन आणि गरजेनुसार प्रालिडॉक्झिम देतात. फवारणी करणाऱ्याला घाम, लाळ, उलटी, छातीत घरघर किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. दूध, तूप किंवा लिंबू देण्यात वेळ घालवू नये. फॉस्फोट्रायएस्टरेज रक्तात सोडण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. परके प्रथिन शरीर किती काळ टिकू देते, ही त्यातली मोठी अडचण आहे.

१६. जनुकीय बदल केलेले, अधिक वेगवान जिवाणू शेतात सोडता येतील का?

परवानगीशिवाय नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार अशा जिवाणूंना मोकळ्या वातावरणात सोडण्यासाठी जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मान्यता लागते. म्हणूनच अनेक संशोधक जिवंत जिवाणूऐवजी केवळ विकर बाहेर काढून, ते मण्यांवर किंवा जाळीवर बसवून वापरण्याचा मार्ग धरतात.

१७. विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी शेतातून असा जिवाणू काढायचा आहे. आमच्या फ्लास्कमधले औषध कमी झाले. म्हणजे जिवाणू सापडला ना?

कदाचित सापडला, कदाचित औषध आपोआप तुटले. या परिसरातील बोअरचे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते, आणि अनेक औषधे अशा पाण्यात कोणत्याही जिवाणूशिवाय तुटतात. कॅप्टान हे बुरशीनाशक त्याचे ठळक उदाहरण. फवारणीच्या टाकीतच ते झपाट्याने निकामी होते. म्हणून पाण्याचा सामू उतरवून फवारण्याचा सल्ला दिला जातो. हीच गोष्ट फ्लास्कमध्येही घडते.

तेव्हा प्रत्येक फ्लास्कबरोबर आणखी दोन ठेवावेत. एकात माध्यम आणि औषध, पण माती किंवा जिवाणू नाहीत; दुसऱ्यात तीच माती, पण ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली. तिन्हींचा सामू सुरुवातीला आणि शेवटी मोजावा, कारण जिवाणू वाढताना तो बदलतात आणि विघटनाचा वेगही त्याबरोबर बदलतो. जिवाणू नसलेल्या या दोन फ्लास्कमध्ये दिसलेली घट वजा केल्यावर जे उरते, तेवढेच श्रेय जिवाणूचे. मातीच्या कणांना चिकटलेले औषधही ‘नाहीसे झाले’ असे भासते. ते द्रावकाने काढून मोजल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही. माध्यमात कार्बनचा दुसरा स्रोत ठेवला असल्यास प्रश्न १ मधील दोन प्रकारांपैकी कोणता घडतो आहे, हेही तपासावे : औषध काढून टाकल्यावरही वाढ तशीच राहिली, तर जिवाणू औषधावर जगत नव्हता.

मिथाइल पॅराथिऑन देशात २०१८ पासून बंद आहे. जुन्या शोधनिबंधांत पिवळ्या रंगाची चाचणी त्यावर केलेली दिसली, तरी दुकानात किंवा घरी शिल्लक असलेली बाटली प्रयोगासाठी आणू नये. मार्गदर्शकांमार्फत विश्लेषणासाठीचा प्रमाणित नमुना मागवावा. फ्लास्कमधील उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता, नाव आणि तारीख लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत रासायनिक कचऱ्यासाठी ठेवावे.